पांढऱ्या बकऱ्याचं पाणी

१

एकोणीसशे बासष्टच्या जूनमध्ये कुवेतमधल्या अहमदीतले तेलकंपनीचे निम्मे बंगले कुलूपबंद होते. उन्हाळा तापला की साहेबलोक मडमांना घेऊन रजेवर जायचे, आणि मागं उरायचे खानसामे, माळी आणि एसीची घरघर. कार्लसन साहेबाच्या बंगल्यात हारून परकार उरला होता. हारून बाणकोटचा. त्याच्या हातच्या पापलेटाच्या कालवणावर साहेब दोनदा भात मागून घ्यायचा. स्वभावानं मात्र हा माणूस असा, की झाडलेली फरशी पुन्हा एकदा झाडल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही.

त्याची सकाळ ठरलेली. नमाज, चहा, मग मऊ फडकं आणि ब्रश घेऊन जनावरांची खोली.

जनावरं सात. साहेबाचा मुलूख अमेरिकेत, एका अंगाला बर्फाचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला नजर पोचणार नाही एवढा गवताचा माळ. तिथं साहेबानं तरुणपणी शिकार केली आणि मुंडकी भुसा भरून लाकडी पाट्यांवर बसवून घेतली. जाईल तिथं ती सोबत. मधोमध केसाळ गवा, त्याचं कपाळ हारूनच्या छातीएवढं रुंद. शेजारी झाडासारख्या शिंगांचा सांबर, मग एक नाजूक हरीण, वळणदार शिंगांचा मेंढा, एक लांडगा, आणि दाराच्या बाजूला डोंगरकड्यांवरचा पांढरा बकरा, दाढीवाला. सातवं जनावर तेवढं अख्खं होतं. काचेच्या हंडीत मागच्या पायांवर उभं, हात छातीशी. साहेब त्याला माळावरचा कुत्रा म्हणायचा. "कुत्रा कसला डोंबलाचा," हारून म्हणायचा, "खारीचा थोरला भाव हाय हा."

साहेबाची ताकीद एकच होती. एसीच्या कोरड्या हवेनं कातडी तडकतात, म्हणून खोलीच्या मध्यावर तामचिनीचं घमेलं पाण्यानं भरलेलं हवं, रोज. जाताना तो हारूनला त्या खोलीत घेऊन गेला होता.

"मी येईन तेव्हा ही सात जशी आहेत तशी दिसली पाहिजेत," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "तुझी बीवी मागच्या खोलीत राहील. एकाचं जरी कातडं फाटलं तर..." पुढचं तो बोलला नाही, पण तिला आणायच्या परवान्याचा शिक्का मारलेला कागद त्यानं हारूनच्या हातात देताना क्षणभर धरून ठेवला.

हारूनच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यात रबियाबरोबर घालवलेले दिवस सगळे मिळून पाच महिनेही भरत नव्हते. ऑगस्टच्या बोटीनं ती येणार होती. तो कागद हारून नमाजाच्या टोपीत घडी घालून ठेवायचा, आणि टोपी डोक्यावर चढवताना रोज एकदा चाचपून बघायचा.

२

हारूनचा आणखी एक हुन्नर होता. बकरी ईदला अहमदीपासून फहाहीलपर्यंतची कोकणी मंडळी कुर्बानीसाठी त्यालाच बोलवायची. हे काम तो बापाच्या हाताखाली शिकला होता आणि बापाची रीत त्यानं केसभरही ढळू दिली नव्हती. आधी पाणी. तांब्याच्या कल्हईच्या वाडग्यातून, निदान तीन घोट. तहानलेल्या जिवाच्या गळ्याला हात लावायचा नाही. मग तोंड किबल्याकडं, मक्केच्या दिशेला. बाकीची जनावरं पाठमोरी करायची, एकाला दुसऱ्यादेखत कापायचं नाही. सुरी शेवटपर्यंत पाठीमागच्या उजव्या हातात, जनावराला दिसू द्यायची नाही. डावा हात कपाळावर ठेवून हळू बोलायचं, "काय नाय, काय नाय. हलू नको." हारूनच्या हाताखाली जनावर तडफडलं असं कुणी सांगून दाखवावं. त्याला त्याचा अभिमान होता आणि तो अभिमान खोटा नव्हता.

वाडगा बापाचाच. एकदा विहिरीवर पडून त्याच्या काठाला पोचा आला होता. सुरी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पेटीत, वाडगा तिच्यावर पालथा.

साहेबाला जाऊन दहा-बारा दिवस झाले असतील. हारून पांढऱ्या बकऱ्याची दाढी विंचरत होता, आणि त्याला ओठाच्या कोपऱ्यात चीर दिसली. नखाएवढीच. घमेलं भरलेलं, एसी नीट चालू, मग हे कशानं? चीर बघता बघता ते तोंड त्याला कोरडं वाटायला लागलं. नुसतं कातडं कोरडं नव्हे. उन्हातून चालून आलेल्या बकऱ्याचं असतं तसं कोरडं.

"तुला कुणी पाणी इचारलं नसेल ना रे," तो म्हणाला. "लांबून गोळी घातली नि झालं."

आता हे बोलणं इथंच थांबतं तर काही बिघडलं नसतं. पण हारूनला कुठलंही काम अर्धं ठेवायची सवय नव्हती. त्यानं पेटीतला वाडगा आणला, गार पाण्यानं भरला, बिस्मिल्ला म्हटलं आणि बकऱ्याच्या तोंडाला लावला. एक, दोन, तीन. मग वाटलं, एकाला दिलं आणि बाकीच्यांना नाही, हे बरं दिसत नाही. गव्याला दिलं, सांबराला दिलं. लांडग्यापाशी जरा घुटमळला, मग म्हणाला, "तू काय खाण्यातला नाय, पण तहान ती तहान." शेवटी काचेची हंडी उचलून त्या थोरल्या खारीचेही ओठ भिजवले. चिरेवर बोटभर व्हॅसलिन लावलं आणि वाडगा घमेल्याशेजारी ठेवून तो कामाला लागला. त्या दिवशी त्याला फार बरं वाटलं, एखादं राहून गेलेलं काम पुरं केल्यासारखं.

३

दुसऱ्या दिवशी वाडगा कोरडा होता. घमेलं काठोकाठ भरलेलं.

हारूननं पाणी उडून गेलं असं ठरवलं. समुद्राचंही पाणी उडून जावं असले दिवस होते ते, एका वाडग्याची काय कथा. त्यानं वाडगा पुन्हा भरला. पुन्हा कोरडा. तिसऱ्या दिवशी त्यानं पेन्सिलीनं दोन्ही भांड्यांत पाण्याची रेघ मारली. संध्याकाळी घमेल्यातलं पाणी रेघेवरच होतं, वाडग्याच्या मात्र तळाला थेंबही नव्हता. तांबं तापतं, म्हणून पाणी लवकर उडतं, हे त्याला पटलं. तासाभरानं हात लावून बघितला तर तांबं गार होतं, आणि हारूनचं पटलेलं हळूहळू सुटायला लागलं.

मग चौथ्या दुपारी आवाज आला.

दोन वाजले होते. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कावळा नाही. हारून स्वयंपाकघरात लसूण सोलत होता. एसीच्या घरघरीखालून त्याला पाणी पिण्याचा आवाज ऐकू आला.

मांजर शिरलं, असं कुणालाही वाटलं असतं. पण हारूनचं अर्धं आयुष्य जनावरांना पाणी पाजण्यात गेलेलं. मांजर, कुत्रं जिभेनं लपलप करतं. बकरं तसं पीत नाही. ओठ मिटून, पाण्याला टेकवून, ते गुपचूप ओढून घेतं, आणि मध्येच श्वासासाठी थांबतं. हारूननं लसणीची पाकळी हातात धरून तो आवाज ऐकला. ओढणं, थांबणं. ओढणं, थांबणं. तिसऱ्या घोटानंतर आवाज बंद झाला.

तो खोलीत गेला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. खिडक्या बंद, पडदे सरळ. पांढऱ्या बकऱ्याच्या दाढीच्या टोकाला एक थेंब होता. हारून बघत असतानाच तो फरशीवर पडला.

"एसी गळतोय," हारून मोठ्यानं म्हणाला. एसी समोरच्या भिंतीत होता.

४

अशरफ कंपनीची पिकअप चालवायचा. म्हसळ्याचा गडी, बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याला हारूननं चहाला बोलावलं आणि सगळं सांगितलं.

"येडा झालास काय तू?" अशरफ हसला. "सहा वर्सं बायकोशिवाय काढलीस, आता ती येतेय तर डोस्कं फिरलं. माझंबी असंच झालं होतं. मला तर भिंतीवरचं कॅलेंडर बोलायचं."

"तू आत चल नि बघ."

अशरफ आत गेला. गव्याचं कपाळ थोपटलं, सांबराच्या शिंगाला टोपी अडकवली, थोरल्या खारीला सलाम ठोकला. मग पांढऱ्या बकऱ्यापाशी आला आणि गप्प झाला. अशरफ गप्प झालेला हारूननं पहिल्यांदाच बघितला.

"काय रे?"

"काय नाय." अशरफनं बकऱ्याच्या तोंडाला लावलेलं बोट सदऱ्याला पुसलं. "हा वाडगा इथनं उचल हारून. तू ह्यांना पाणी पाजलंस ते कुठल्या रीतीनं पाजलंस?"

"आपल्याच. दुसरी कुठली येते मला?"

"आपल्या रीतीत पाणी पाजल्यावर पुढं काय करतात?"

सांबराच्या शिंगावर राहिलेली टोपी अशरफनं घेतली नाही, तसाच निघून गेला. संध्याकाळी हारूननं ती नेऊन दिली.

वाडगा त्यानं पेटीत सुरीवर पालथा घातला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. त्यानंतर दीड महिना काही म्हणजे काही झालं नाही. घमेलं आपलं भरलेलं राहायचं. चीर व्हॅसलिननं मिटली. आपण उगीच घाबरलो याची हारूनला लाज वाटायला लागली, आणि लाज वाटते आहे याचा आनंदही झाला.

५

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तार आली. रबिया बोटीत बसली होती.

हारूननं मागच्या खोलीला चुना काढला. नवी लोखंडी खाट आणली, भिंतीला समांतर लावली, कोपऱ्यात माठ आणि आपली पेटी ठेवली. खिडकीला जुन्या चादरीचा पडदा शिवला आणि तो एका बाजूला आखूड झाला म्हणून उसवून पुन्हा शिवला. दमून दुपारी त्या खाटेवर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला.

जाग आली ती तहानेनं. घसा असा सुकलेला की गिळता येईना. हात खाली सोडला तर बोटांना गार धातू लागला.

खाटेच्या उशापाशी, बरोब्बर तोंडाच्या खाली, वाडगा ठेवलेला होता. काठोकाठ भरलेला, पाणी जराही हललेलं नाही. करगोट्याला किल्ली तशीच. पेटीचं कुलूप तसंच.

हारून ते पाणी प्यायला नाही, एवढी अक्कल त्याला होती. तो भिंतीला पाठ लावून बसून राहिला आणि स्वतःशी वाद घालत राहिला. झोपेत चालणारी माणसं असतात. दाभोळला त्याचा एक चुलता झोपेत उठून होडी सोडायचा. आपणच उठलो, पेटी उघडली, पाणी भरलं, पुन्हा कुलूप लावलं. होय, आपणच. मग त्याच्या मनात आलं, की आपणच असू तर ते जास्त वाईट.

पाणी त्यानं बाहेर कण्हेरीच्या बुडाशी ओतलं. दुसऱ्या दुपारी तो झोपायचं नाही म्हणून बसला, आणि तरी झोपला. उठला तेव्हा पाण्याचा वाडगा होताच, शिवाय खाट हलली होती. खाटेच्या लोखंडी पायांनी चुन्याच्या भुग्यात चार स्वच्छ रेघा ओढल्या होत्या. खाट आता भिंतीला समांतर नव्हती, तिरकी होती. कुठल्या दिशेनं तिरकी हे बघायची हारूनला गरज नव्हती. त्याच दिशेला तोंड करून तो दिवसातून पाच वेळा उभा राहायचा.

त्यानं वाडगा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि अशरफच्या हातात दिला.

"अब्बाची वस्तू हाय," अशरफ म्हणाला. "नंतर रडशील."

"शुवैखच्या बंदरावर जातोस ना? खोल पाण्यात टाक."

"नि तू रबियाभाबीला इथं ठेवणार? फहाहीलला माझ्याकडं ठेव चार दिवस."

हारूनला तेच हवं होतं. पण कागदावर मागच्या खोलीचा पत्ता होता, कंपनीचा माणूस आठवड्याला येऊन बघून जायचा, आणि साहेबाला काय कळवणार होता तो? बकऱ्यानं माझी खाट हलवली? "वाडगा गेला की मिटलं सगळं," तो म्हणाला. अशरफनं वाडगा जेटीवरून फेकला, बुडताना बघितला आणि परत येऊन तसं सांगितलं. त्यानंतरचे तीन दिवस शांत गेले. हारून दुपारी झोपला, उठला, खाट जागेवर होती.

६

रबिया शिडीवरून उतरली तेव्हा हारूनला तिची चाल आधी ओळखू आली, मग ती. बुरख्याआडून तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"रोड झालाव," ती म्हणाली. एवढंच. हारूनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते उन्हावर ढकललं.

अशरफनं पेटारा, सुक्या बोंबलांचा डबा, लोणच्याची बरणी असं सगळं पिकअपमध्ये चढवलं. वाटेत रबिया वाळवंटाकडं बघत राहिली. "एकबी झाड नाय हो," म्हणाली. मग म्हणाली, "बोटीवरच्या पाण्याला लोखंडाची चव होती. चार दिवस धड पाणी नाय प्यायले मी. घरी गेल्यावर पयलं पाणी द्या."

हारूननं अशरफकडं बघितलं. अशरफनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

बंगल्यावर पोचले तेव्हा चार वाजले होते. रबियाला मागच्या खोलीच्या दारात सोडून हारून म्हणाला, "माठातलं कोमट झालं असंल. फ्रिजातली बाटली आणतो, तू बस." अशरफ गाडीतून पेटारा उतरवत होता. हारून बंगल्यात गेला, बाटली काढली, आणि परत येताना त्याला जनावरांच्या खोलीचं दार किलकिलं दिसलं.

सकाळी त्यानं ते ओढून घेतलं होतं.

त्यानं आत डोकावलं. आधी काय चुकलंय ते कळेना, कारण त्या खोलीत चार वर्षं त्यानं जे बघितलं होतं त्यातलं काहीच तिथं नव्हतं. डोळे नव्हते. सगळी जनावरं भिंतीकडं तोंड करून होती. गव्याची, सांबराची, मेंढ्याची मान मागून दिसत होती, जाड दोऱ्यानं शिवलेली. काचेच्या हंडीतल्या थोरल्या खारीनंही पाठ केली होती. सहा पाठी होत्या. दाराच्या बाजूला, पांढरा बकरा असायचा तिथं, भिंतीवर न उडालेल्या रंगाचा चौकोन होता आणि एक खिळा.

हारून ओरडला नाही. त्यानं दार अलगद ओढून घेतलं, कुणाची नमाज मोडू नये तसं. नंतर तो मागच्या खोलीपर्यंत कसा चालत आला, हे त्याला आठवत नाही. उजव्या हाताला काहीतरी गार लागत होतं, एवढं मात्र आठवतं.

रबिया खाटेवर बसली होती. बुरखा काढून ठेवलेला, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"आलाव? आता नको. तुम्ही इथं ठेवलं होतंत ते प्यायले." तिच्या मांडीवर तांब्याचा वाडगा होता, काठाला पोचा आलेला. "अब्बांचा वाडगा ना हा? इकडं आणलाव ते लिवलं नाय मला. पाणी गोड हाय, पण काठाला कायतरी खारट लागलं बगा."

"किती प्यायलीस?" हारूननं विचारलं.

"मोजते काय मी? असतील तीन घोट." ती हसली. "नि खाट अशी तिरकी कशाला टाकलीत? तुमच्या हातनं असं वाकडं काय राहत नाय कधी. पेटी उघडीच होती, वरचं पांढरं फडकं घेतलं मी तोंड पुसायला. त्यात कायबी नव्हतं."

हारूनला तिला सांगायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते, ऊठ, गाडीत बस, कागद गेला खड्ड्यात. तो तिच्याजवळ गेला. डावा हात त्यानं तिच्या कपाळावर ठेवला. कपाळ तापलेलं होतं, आणि तिनं डोळे मिटले, कारण सहा वर्षांत तिला असा हात फार थोड्या वेळा लागला होता.

"काय नाय," हारून म्हणाला. "काय नाय."

"मी काय बकरी हाय काय?" रबिया डोळे न उघडता हसली.

दारात अशरफ उभा होता, खांद्यावर पेटारा. त्यानं तो हळूच खाली ठेवला.

"हारून," तो म्हणाला, "तुझा पाठीमागचा हात पुढं घे."

"बाटली हाय," हारून म्हणाला. "पाण्याची."

"बाटली इथं हाय रे. उंबऱ्यात. माझ्या पायापाशी."

हारूननं मागं बघितलं नाही. हातातली वस्तू गार होती आणि त्याची बोटं तिच्यावर अशी बसली होती जशी ती नेहमी बसायची. कपाळावरचा हात त्याला काढायचा होता. पळ गो, असं त्याला ओरडायचं होतं, आणि त्यासाठी त्यानं सगळा जीव एकवटून तोंड उघडलं.

"हलू नको," तो हळूच म्हणाला.